रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव : स्तंभनापूर्वी निदान

पाळी बंद होऊन दोन-चार वर्षे, कधी दहा-पंधरा वर्षेही लोटल्यावर पुन्हा थोडे रक्त दिसू लागले, तर आपल्याकडील स्त्री बहुधा प्रथम ओळखीच्या वैद्यांकडे येते. पुष्कळदा ती स्वतः येतही नाही. सून किंवा मुलगी औषधाच्या दुकानातून अशोकारिष्टाची बाटली घेऊन जाते. ‘अंगात उष्णता झाली’, ‘जाता जाता पाळी परत आली’, ‘जड उचलले म्हणून झाले’ ही स्पष्टीकरणे घरातच तयार असतात. आठ-दहा दिवसांत स्राव थांबतो आणि विषय मिटला असे सर्वांनाच वाटते. ही तक्रार दिसावयास किरकोळ असली तरी तिच्यामागे काही स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियमचा, कर्करोग असतो. हा रोग वेळेवर सापडल्यास बहुतांश रुग्णा बऱ्या होतात. उशीर झाल्यास चित्र पार पालटते. या दोन टोकांमधील अंतर अनेकदा वैद्यांच्या एका चिठ्ठीने किंवा औषधविक्रेत्याच्या एका प्रश्नाने ठरते. म्हणूनच हा विषय आपल्या सभासदांपुढे सविस्तर मांडणे आम्हांस आवश्यक वाटले.

रोगाचे स्थान

गर्भाशयाचा कर्करोग हा शब्दप्रयोग आपल्याकडे सैलपणे केला जातो. गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे ग्रीवेचा, कर्करोग आणि गर्भाशयाच्या कायेतील अंतःस्तराचा कर्करोग हे दोन भिन्न रोग आहेत. ग्रीवेच्या कर्करोगामागे मुख्यत्वे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग असतो. अंतःस्तराच्या कर्करोगाचा त्या विषाणूशी संबंध नाही. त्याचे मूळ प्रामुख्याने संप्रेरकांच्या असंतुलनात आहे. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. ग्रीवेच्या कर्करोगासाठी केली जाणारी पॅप तपासणी अंतःस्तराच्या कर्करोगासाठी भरवशाची नाही. ‘मागच्याच वर्षी पॅप केली, ती चांगली आली’ असे रुग्णा म्हणाली, तरी नव्याने सुरू झालेल्या रक्तस्रावाचा खुलासा त्यातून होत नाही.

इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली. अशी नोंदणी भारतात प्रथम याच शहरात झाली. तिच्या अनेक दशकांच्या नोंदींतून एक कल स्पष्ट दिसतो. मुंबईत ग्रीवेच्या कर्करोगाचे प्रमाण घटत गेले, तर स्तनाच्या व गर्भाशयकायेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढत गेले. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडील प्रमाण अजूनही कमी आहे. तथापि विवाहाचे व पहिल्या अपत्याचे वाढलेले वय, मोजकी अपत्ये, बैठे जीवन, स्थौल्य व मधुमेह यांचा या शहरातील प्रसार पाहता हा रोग आपल्या चिकित्सालयात पूर्वीपेक्षा अधिक वेळा येणार, हे गृहीत धरावयास हवे.

कारणमीमांसा

अंतःस्तरावर दोन संप्रेरकांचा अंमल चालतो. इस्ट्रोजेनमुळे तो वाढतो व जाड होतो. प्रोजेस्टेरॉनमुळे ती वाढ आवरली जाते आणि ठरल्या वेळी तो स्तर पाळीवाटे निघून जातो. प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसताना इस्ट्रोजेनचा परिणाम वर्षानुवर्षे होत राहिला, तर अंतःस्तराची अतिवृद्धी होते. त्या अतिवृद्धीतील पेशींत विकृती नसल्यास वीस वर्षांत शेकडा पाचांहून कमी स्त्रियांत कर्करोग उद्भवतो. पेशींत विकृती असल्यास मात्र हेच प्रमाण शेकडा पंचवीसच्या पुढे जाते. शिवाय विकृत अतिवृद्धीचे निदान झालेल्या पुष्कळ स्त्रियांत शस्त्रक्रियेच्या वेळी कर्करोग आधीच असल्याचे आढळते.

या कार्यकारणभावाचा ठळक पुरावा अमेरिकेत १९७५ साली पुढे आला. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी तेथे केवळ इस्ट्रोजेनच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. त्या घेणाऱ्या स्त्रियांत अंतःस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी अधिक असल्याचे दोन स्वतंत्र अभ्यासांतून दिसून आले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन द्यावयाचे झाल्यास त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन-वर्गातील औषध देण्याचा दंडक पडला.

गोळी न घेताही शरीरात हीच अवस्था निर्माण होऊ शकते. रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांचे कार्य मंदावते, परंतु मेदधातूतील अ‍ॅरोमॅटेज हे विकर इतर संप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करीत राहते. मेद जितका अधिक, तितके हे उत्पादन अधिक. त्यात स्थौल्यामुळे रक्तातील इन्सुलिन वाढते व तेही अंतःस्तराच्या वाढीस पोषक ठरते. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, पाच अंकांनी वाढला की या कर्करोगाचा धोका सुमारे दीडपटीहून अधिक होतो. पाच फूट उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत याचा अर्थ अकरा-बारा किलो अधिक वजन, इतकाच आहे. स्थौल्याशी निगडित कर्करोगांत याचा क्रमांक अगदी वरचा लागतो.

धोका वाढविणाऱ्या इतर गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत :

- पन्नाशीच्या पुढील वय
- मधुमेह
- पाळी लवकर सुरू होणे अथवा पंचावन्नच्या पुढे चालू राहणे
- अपत्य नसणे
- पीसीओएस, म्हणजे बीजकोशांच्या विकारामुळे महिनोन्‌महिने पाळी न येणे
- स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनचे दीर्घकाळ सेवन
- कुटुंबात मोठ्या आतड्याचा वा गर्भाशयाचा कर्करोग तरुण वयात झालेला असणे

याउलट गर्भधारणा, शारीरिक श्रम, संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या व प्रोजेस्टेरॉन-वर्गीय औषध स्रवणारी गर्भाशयातील तांबी-सदृश योजना यांमुळे धोका कमी होतो.

यांतील दोन बाबींचा खुलासा करावयास हवा. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला विरोध करते, परंतु गर्भाशयात काही अंशी त्याच्यासारखेच वागते. रजोनिवृत्त स्त्रियांत त्यामुळे अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. असे असले तरी मूळ धोका लहान असल्याने स्तनकर्करोगापासून मिळणारे संरक्षण बहुसंख्य रुग्णांत अधिक मोलाचे ठरते. म्हणून ‘ही गोळी बंद करा’ असा सल्ला आपण कदापि देऊ नये. रक्त दिसताच कळवावे, एवढे मात्र रुग्णेस बजावून सांगावे. दुसरी बाब लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची. त्यातील काही जनुकांच्या बाबतीत स्त्रीला आयुष्यात अंतःस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता शेकडा चाळीसच्या आसपास असते. म्हणून आत्या, मावशी, आई, भाऊ यांच्यापैकी कोणास पन्नाशीच्या आत आतड्याचा वा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता काय, हा प्रश्न कुलवृत्तात विचारलाच पाहिजे.

आपल्या शास्त्राच्या अभ्यासकास या कारणमालिकेत ओळखीची वाट दिसेल. चरकसंहितेत संतर्पणजन्य व्याधींचे स्वतंत्र विवेचन आहे. अतिस्थौल्याची निंदित अवस्थांत गणना आहे. मेदोदुष्टी व प्रमेह यांचा संबंध सांगितला आहे. अर्बुदाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आहे. या संज्ञा व आधुनिक रोगनाम हे एकच, असे ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. मात्र संतर्पणाचा परिणाम दूरवरच्या स्रोतसांत उमटतो हा विचार आपणास परका नाही, आणि प्रतिबंधाच्या कामी तोच आपले बलस्थान आहे.

लक्षण आणि त्याचे वजन

या रोगाचे प्रमुख लक्षण एकच : अनपेक्षित रक्तस्राव. अंतःस्तराचा कर्करोग झालेल्या रजोनिवृत्त स्त्रियांपैकी शेकडा सुमारे नव्वद स्त्रियांत ते आढळते. दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. रजोनिवृत्तीनंतर रक्त दिसलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ-दहांमध्येच हा कर्करोग निघतो. उरलेल्या नव्वदांमध्ये योनी व अंतःस्तराचा क्षय, पॉलिप, साधी अतिवृद्धी वा एखादे औषध हे कारण असते. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु दहांपैकी एक ही शक्यता तपासणीविना सोडून देण्याजोगीही नाही. स्राव किती झाला यावर काही ठरत नाही. अंतर्वस्त्रावरील एक डाग, गुलाबी पाणी किंवा तपकिरी दुर्गंधी स्राव यांनाही तेच महत्त्व द्यावे. स्त्री कृश आहे म्हणून निश्चिंत राहू नये. सीरस हा उग्र प्रकार स्थौल्य नसलेल्या वयस्क स्त्रियांतही होतो, आणि एकूण रुग्णांत त्याचा वाटा सुमारे दहा टक्के असला तरी मृत्यूंत तो कितीतरी अधिक असतो.

स्तंभनाने होणारा घात

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, सत्तावन्न वर्षांच्या, मधुमेही व स्थूल काकू रक्त दिसल्याचे सांगतात. पाळी जाऊन पाच वर्षे झाली आहेत. त्यांना अशोकारिष्ट, पुष्यानुग चूर्ण व बोलबद्ध रस दिला. दहा दिवसांत स्राव थांबला. औषधाला यश आले काय?

असे म्हणता येत नाही. अंतःस्तराच्या कर्करोगातील रक्तस्राव सुरुवातीस सतत होत नाही. तो येतो, आपोआप थांबतो, कधी महिना-दोन महिने दिसतही नाही. त्या मधल्या खंडाचे श्रेय नेमके त्या वेळी चालू असलेल्या औषधाला मिळते. पुढच्या वेळी स्त्री वैद्यांकडेही न येता थेट दुकानात जाते, कारण ‘मागे याच औषधाने बरे वाटले होते’. अशा दोन-तीन आवर्तनांत वर्ष सरते. या काळात अंतःस्तरापुरता असलेला रोग गर्भाशयाच्या स्नायूत खोलवर उतरू शकतो. औषधाने येथे थेट अपाय केलेला नसतो. त्याने फक्त धोक्याची सूचना दृष्टिआड केलेली असते.

संहितांचा कौलही याच बाजूचा आहे. सुश्रुतांनी आर्तवाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत मानला आहे. पाळी निश्चितपणे गेल्यानंतर दिसणाऱ्या रक्ताला आर्तव म्हणता येत नाही. मग ‘पाळी परत आली’ हे स्पष्टीकरण वैद्यांनी तरी कसे स्वीकारावे? रक्तपित्ताच्या चिकित्सेत बलवान रुग्णाचे दूषित रक्त आरंभीच थांबवू नये, त्यातून अन्य व्याधी उद्भवतात, असा इशारा चरकसंहितेत आहे. आधी रोगपरीक्षा, मग औषध हा क्रमही तिचाच. असृग्दर हे निदान लिहिण्यापूर्वी रक्त कोठून व कशामुळे येत आहे हे ठरविणे, हे म्हणूनच शास्त्राला धरूनच आहे.

यावरून एक साधा नियम निघतो. पाळी बंद होऊन सलग बारा महिने झाल्यावर एकदाही रक्त दिसले, तर तपासणी झाल्याखेरीज स्तंभक औषधाची योजना करू नये. पाळी चालू असलेल्या स्त्रियांतही पंचेचाळीसच्या पुढे पाळी अनियमित, दीर्घ वा अतिशय जास्त होऊ लागल्यास, आणि त्याहून लहान वयात स्थौल्य वा पीसीओएस असून रक्तस्राव आटोक्यात येत नसल्यास, हाच विचार करावा. रक्तस्राव प्रचंड असून रुग्णा फिकट पडली असेल, तर तिला तातडीने रुग्णालयात पाठवावे.

तपासणी कशी होते

स्त्रीरोगतज्ज्ञ प्रथम ग्रीवा व योनी यांची प्रत्यक्ष तपासणी करतात. नंतर योनिमार्गे सोनोग्राफी करून अंतःस्तराची जाडी मोजली जाते. रजोनिवृत्त स्त्रीत ती चार मिलिमीटर वा त्याहून कमी असल्यास कर्करोगाची शक्यता अतिशय कमी असते. अधिक असल्यास अंतःस्तराचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; तो बहुधा बाह्यरुग्ण विभागातच बारीक नळीने घेता येतो. आवश्यक तेथे दुर्बिणीतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपीने, आत पाहून नमुना घेतात. दोन सावधगिऱ्या येथे सांगावयास हव्यात. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीत अंतःस्तर एरवीही जाड दिसत असल्याने केवळ जाडीवर विसंबता येत नाही. तसेच एकदा सोनोग्राफी निर्दोष आली तरी रक्त पुन्हा दिसल्यास तपासणी पुन्हा करावी लागते.

कोणतीही तक्रार नसलेल्या सर्वसामान्य स्त्रियांसाठी या रोगाची चाळणी-तपासणी करण्याची शिफारस नाही. जाहिरातींतील ‘संपूर्ण कर्करोग तपासणी’ पाहून विचारणा करणाऱ्या रुग्णेस हे सांगावे. जागरूकता हीच येथे चाळणी होय.

भवितव्य

रोग गर्भाशयाच्या कायेपुरता मर्यादित असल्यास पहिला टप्पा, ग्रीवेच्या आतील भागात गेल्यास दुसरा, बीजकोश, योनी वा लसिकाग्रंथींत पसरल्यास तिसरा आणि मूत्राशय, आतडे वा दूरच्या अवयवांत गेल्यास चौथा, अशी स्थूल विभागणी आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सुधारणेनुसार पेशींचा प्रकार व त्यांतील जनुकीय बदल यांचाही विचार टप्पा ठरविताना होऊ लागला आहे.

अमेरिकेतील नोंदींनुसार निदानानंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण, समवयस्क इतर स्त्रियांच्या तुलनेत, रोग गर्भाशयापुरता असताना शेकडा सुमारे ९५, जवळच्या भागात पसरल्यावर सुमारे ७० आणि दूर पसरल्यावर २० च्या आसपास आढळते. हे आकडे समूहाचे आहेत. कोण्या एका रुग्णेचे भाकीत त्यांवरून करू नये. परंतु ९५ आणि २० यांमधील दरी वैद्यांनी नजरेआड करू नये. तेथे दोन-तृतीयांश रुग्णा पहिल्याच अवस्थेत सापडतात, कारण हा रोग लवकर रक्त दाखवून स्वतःची वर्दी देतो. ती वर्दी ऐकली जाणे हाच सारा प्रश्न आहे.

उतावीळही तितकीच घातक

कर्करोगाच्या भीतीचा गैरवापर आपल्याच राज्यात कसा होतो, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. तेथे तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढल्याची माहिती २०१९ साली राज्य सरकारने विधिमंडळात दिली आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. यांत ऊसतोडणी कामगार स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. अनेक तरुण स्त्रियांना श्वेतप्रदर वा पोटदुखीसारख्या तक्रारींवरून ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आल्याचे त्या वेळी उघड झाले. नमुन्याच्या तपासणीविना ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारणे आणि नमुन्याच्या तपासणीविना रक्त थांबविणे, या दोन्ही चुका निदान टाळण्याच्याच आहेत. पाठवावयाचे ते निदानासाठी, एवढे रुग्णेस स्पष्ट शब्दांत सांगावे.

उपचार व आपले स्थान

गर्भाशय, बीजवाहिन्या व बीजकोश काढणे हा प्रमुख उपचार आहे. रोगाच्या स्वरूपानुसार त्यास किरणोपचार व रसायनोपचार यांची जोड देतात. पसरलेल्या वा उलटलेल्या रोगात, विशेषतः विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या गाठींत, रोगप्रतिकारशक्तीवर आधारित औषधांचा लाभ २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून दिसला. अपत्याची इच्छा असलेल्या निवडक तरुण स्त्रियांत, रोग अगदी प्राथमिक व सौम्य असल्यास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रोजेस्टेरॉनचा मार्ग काही काळ अवलंबिता येतो. कोणत्याही आयुर्वेदीय कल्पाने हा कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. तसे आश्वासन देणे रुग्णेच्या जिवाशी खेळणे होय.

मग आपले कार्य काय? ते लहान नाही. प्राथमिक अवस्थेत बऱ्या झालेल्या रुग्णांत पुढे मृत्यूचे कारण म्हणून हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार कर्करोगाच्याही पुढे असतात, कारण स्थौल्य, मधुमेह व रक्तदाब तेच असतात. आहारनियमन, व्यायाम, निद्रा व मेदोहर चिकित्सा यांचा पाठपुरावा करण्यास वैद्यांइतका निकटचा मार्गदर्शक रुग्णेला क्वचितच मिळतो. रसायनोपचार चालू असताना मात्र कोणतेही औषध, विशेषतः रसकल्प, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळविल्याशिवाय देऊ नये. संप्रेरकांवर अवलंबून असलेल्या कर्करोगाचा इतिहास असल्यास शतावरीसारख्या स्त्रीरोगांतील नित्याच्या द्रव्यांबाबतही हाच दंडक पाळावा.

रुग्णेस पाठविताना चिठ्ठीत वय, शेवटच्या पाळीचा काळ, रक्त दिसल्याच्या तारखा, वजन, मधुमेह व रक्तदाब, टॅमॉक्सिफेन वा संप्रेरकांचे सेवन, कुलवृत्त आणि आपण दिलेल्या औषधांची यादी लिहावी. ‘रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव, अंतःस्तराची तपासणी व्हावी’ हे वाक्य ठळकपणे लिहावे. पंधरा दिवसांनी दूरध्वनी करून रुग्णा गेली की नाही, हे विचारावे. संकोच व खर्चाची धास्ती यांमुळे पुष्कळ स्त्रिया निघतात, पण पोहोचत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार समाविष्ट आहेत, हेही सांगावे.

औषधविक्रेत्या बंधू-भगिनींस

अशोकारिष्ट, लोध्रासव, पत्रांगासव यांची मागणी आल्यास ‘औषध कोणासाठी? वय काय? पाळी चालू आहे की गेली?’ एवढे तीन प्रश्न हळू आवाजात विचारावे. ‘गेली’ असे उत्तर आल्यास ‘काकू, औषध मी देईन, पण आधी एकदा डॉक्टरांना दाखवून या’ असे म्हणावे. एका बाटलीची विक्री कमी होईल. विश्वास मात्र वाढेल. तसेच कर्करोग, गर्भाशयाचे विकार व मासिक स्रावाचे विकार हे तिन्ही ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ च्या परिशिष्टात आहेत. ते बरे करण्याचा दावा करणारे फलक वा पत्रके दुकानात लावणे हा गुन्हा ठरू शकतो.

आपल्या दादर परिसराला या बाबतीत जी अनुकूलता आहे ती महाराष्ट्रात फार थोड्या भागांस लाभली आहे. १९२६ पासून रुग्णसेवेत असलेली केईएम व वाडिया प्रसूतिगृह ही रुग्णालये, १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय, हे सारे परळला, आपल्या दुकानांपासून दोन-तीन किलोमीटरांवर आहे. तेथे उपचार घेण्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेली कुटुंबे दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने राहतात. ज्यांना तेथेही जागा मिळत नाही ती पदपथावर दिवस काढतात. इतक्या लांबून माणसे जेथे येतात, तेथवर रानडे रोडवरील वा हिंदमाता परिसरातील स्त्री केवळ स्राव थांबला म्हणून पोहोचू नये, हे आपणांस शोभणारे नाही. तिला त्या दारापर्यंत वेळेवर धाडणे हे आपल्या हाती आहे, आणि ते आपण करावे, अशी सर्व सभासदांस आमची आग्रहाची विनंती आहे.